नाली कुणाची?

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगाव-आर्वी नॅरोगेज मार्गावर ‘रोहणा टाऊन’ नावाचे स्टेशन होते. नावात टाऊन असले तरी रोहण्याला नगरपालिका नव्हती, म्हणजे नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टरही नव्हता. मग १९५० च्या सुमारास भर वस्तीतला उकिरडा हलवा, तुंबलेली नाली मोकळी करा, असे सांगायचे कुणी?

उत्तर सारखे बदलत राहिले. मालगुजारीत, म्हणजे जमीनदारीसारख्या जुन्या महसूल पद्धतीत, गाव साफ ठेवण्याची जबाबदारी मुकादमावर असे. १९५१ साली मालगुजारी गेली. त्याआधी १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात तहसीलवार जनपद सभा या स्थानिक संस्था आल्या होत्या. १९५६ मध्ये वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद सुरू झाली. बारा-चौदा वर्षांत तक्रारीचा अर्ज कुठे द्यायचा हेच किती वेळा बदलले!

कायदा मात्र होता. सार्वजनिक झऱ्याचे किंवा हौदाचे पाणी जाणूनबुजून घाण करणाऱ्याला दंडविधानाच्या कलम २७७ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शके. सार्वजनिक उपद्रवाला कलम २९० खाली २०० रुपयांपर्यंत दंड. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ नुसार मॅजिस्ट्रेटला उपद्रव हटवण्याचा हुकूम काढता येई. अडचण अशी की दंडाला एक आरोपी लागतो. दहा घरांच्या मोऱ्यांचे सांडपाणी एकाच नालीत उतरते, तेव्हा आरोपी कुणाला करणार?

गावच्या आरोग्याच्या कामांतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम विहिरीवरचे आहे. पटकीच्या दिवसांत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकत, पाणी लालसर होई. पुढे ब्लीचिंग पावडर आली. गावात तिला टीसीएल म्हणतात. ती नुसती पाण्यावर भुरभुरून भागत नाही. आधी विहीर मोजायची: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ ने गुणले की लिटर निघतात. त्या हिशेबाने घेतलेली पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायची आणि चुन्याचा गाळ तळाशी बसू द्यायचा. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायची, दोराने खाली सोडायची आणि पाण्याखाली वर-खाली हलवायची. गाळ विहिरीत जाऊ द्यायचा नाही. त्यानंतर तासभर पोहरा टाकायचा नाही. पुढे ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट आली. नळीतल्या पाण्यात त्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. उपसा झाला की हा परिणाम ओसरतो, म्हणून साथीत तेच काम रोज करावे लागते. कर्मचारी एकदा येऊन गेला, याला तपासणी म्हणता येत नाही.

पुन्हा पुन्हा जाणे किती जड असते, हे वर्ध्याने जवळून पाहिले आहे. १९३५ मध्ये मगनवाडीला गांधीजींचा मुक्काम असताना महादेवभाई देसाई, मीराबेन आणि इतर सहकारी शेजारच्या सिंदी गावी पहाटे जात. रस्त्यावरची विष्ठा बादल्यांत भरून पुरत. दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा तसाच. गावकऱ्यांची सवय सुटता सुटेना. त्या माणसांनी जे सोसले त्याबद्दल मला अपार आदर आहे. तरीही वाटते, संडासाची जागा, खड्डा आणि त्याचा खर्च यांची सोय झाल्याशिवाय नुसत्या उदाहरणाने सवय बदलत नाही.

तो खर्च कुणाचा, याचे उत्तर मध्य प्रदेशातल्या रतलामहून आले. तिथल्या न्यू रोडवरचे रहिवासी उघड्या गटारांनी आणि रस्त्यावरच्या मैल्याने हैराण झाले होते. १९७२ मध्ये त्यांनी कलम १३३ चाच आधार घेतला. नगरपालिका पैसे नसल्याचे सांगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २९ जुलै १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला: निधी नाही, ही सबब कायद्याने दिलेल्या कर्तव्यापुढे चालणार नाही. आरोपीच्या जागी नालीचा खरा धनी उभा राहिला.

कलम १३३ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ झाले आहे. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते मिळाले आणि लाल असेल तर कोणत्या विहिरीमुळे किंवा कोणत्या फुटक्या पाइपमुळे, हे ग्रामसभेत नाव घेऊन विचारता येते.