तांब्याच्या संयुगांतील विजेचा हिशेब

आमच्या कोल्हारास प्रवरेचें पाणी ज्या तांब्याच्या हंड्यांत भरून ठेवीत, तें तांबें विजेचें उत्तम वाहक आहे. पण कितीही थंड केलें तरी त्याचा रोध पूर्णपणें नाहींसा झालेला आढळलेला नाहीं. उलट तांब्याच्या ऑक्साइडाचीं, मातीच्या भांड्यासारखीं ठिसूळ अशीं कांहीं संयुगें थंडींत विजेला मुळींच रोध करीत नाहींत. ही अतिसंवाहकता 1986 सालीं बेडनोर्झ व म्युलर यांनीं झुरिचजवळ शोधून काढली आणि पुढल्याच वर्षीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

लँथॅनमचें मूळ संयुग मात्र वाहकच नव्हे. बाकांवर जागोजाग एकेक मुलगा बसलेला असावा आणि कोणीच शेजाऱ्यास जवळ येऊं देऊं नये, तशी तेथील इलेक्ट्रॉनांची स्थिति असते. लँथॅनमच्या जागीं थोडें स्ट्रॉन्शियम घातलें कीं कांहीं मुलें जणूं गैरहजर होतात आणि हालचालीस वाव मिळतो. (बाकांवर दाटी नसली तर किती फरक पडतो, हें शिक्षकांना सांगावयास नको.) तांब्याच्या शंभर अणूंमागें सुमारें 16 जागा रिकाम्या झाल्या म्हणजे अतिसंवाहकता सर्वांत चढ्या तापमानास प्रकटते, तें सुमारें 38 केल्विन, म्हणजे शून्याखालीं 235 अंश सेल्सिअस. याहून अधिक जागा रिकाम्या केल्या, त्यास अतिभरण म्हणूं, तर हें तापमान उतरूं लागतें व जागा तिसाच्या सुमारास पोंचतांना अतिसंवाहकता लोपते.

या उतरत्या बाजूस सारें सरळ असावें, अशी अपेक्षा होती. मोकळीक भरपूर, तेव्हां साध्या धातूप्रमाणें इलेक्ट्रॉनांच्या आपसांतील टकरींमुळें होणारा रोध तापमान दुप्पट झालें कीं चौपट व्हावा, आणि बोल्ट्झमानच्या जुन्या समीकरणानें त्याचा हिशेब लागावा. 2009 सालीं नायजेल हसी व त्यांचे सहकारी यांनीं प्रबळ चुंबकीय क्षेत्रानें अतिसंवाहकता दडपून तिच्या तळचा रोध मोजला. चौपटीचा वाटा तेथें होताच; पण त्याच्या जोडीला तापमानाच्या सरळ प्रमाणांत वाढणारा आणखी एक वाटा अगदीं कडक थंडींतही शिल्लक राहिला. अतिभरण वाढून अतिसंवाहकता जशी क्षीण होते, तसा हा वाटाही घटतो. दोहोंचें मूळ एकच असेल काय, हा प्रश्न येथूनच निघतो.

2021 च्या जुलैंत ‘नेचर’ या साप्ताहिकांत दोन निबंध आले. एकांत निओडिमियम मिसळलेल्या संयुगावर चुंबकीय क्षेत्राची दिशा फिरवीत रोध मोजला होता. जुनेंच समीकरण पुरतें, असा त्याचा निष्कर्ष. मात्र टकरींचें प्रमाण सर्व दिशांस सारखें आणि तापमानाबरोबर सरळ वाढणारें धरावें लागतें. दुसऱ्यांत थॅलियम व बिस्मथ यांच्या संयुगांची परीक्षा होती. त्याचे कर्ते म्हणतात कीं एकच जात मानून भागत नाहीं. कांहीं विद्युद्भार सुट्या कणांसारखे वाहतात, कांहीं तसे वाहत नाहींत. मला पहिला मार्ग काटकसरीचा वाटतो. पण टकरी तापमानाच्या सरळ प्रमाणांतच कां व्हाव्या, याचें उत्तर त्या समीकरणांतून निघत नाहीं. तें गृहीत म्हणून बाहेरून घालावें लागतें.