नाण्यांची पारख

महाड तालुक्यातील रायगडावर १६७४ साली छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाड शहरातील चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी प्राशन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्वांचा पाण्यावरील समान हक्क प्रस्थापित केला. या दोन्ही थोर पुरुषांच्या स्मरणार्थ भारत सरकारने नाणी काढली आहेत. डॉ. आंबेडकरांचे एक रुपयाचे नाणे १९९० साली निघाले, तर शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे १९९९ साली. महाड-पोलादपूरकडील मुलांना ही नाणी जपून ठेवावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. परंतु संग्रहासाठी चांगले नाणे कसे ओळखावे?

प्रथम नाण्याची स्थिती पाहावी. नाणे कडेने धरून उजेडात हळूहळू तिरपे करावे. हातोहाती फिरताना नाण्याचे उंच भाग आधी झिजतात. म्हणून चित्रातील नाक, गाल व केस नीट निरखावेत. तेथील रेषा ठळक असून टांकसाळीतील मूळ झळाळी कायम असेल, तर नाणे उत्तम होय. उंचवटे सपाट झाले, तरी अक्षरे स्पष्ट असतील, तर ते मध्यम. सालही वाचता येत नसेल, तर ते कनिष्ठ समजावे.

दुसरी गोष्ट दुर्मिळतेची. सालाजवळ बारीक खूण असते. मुंबईच्या टांकसाळीची खूण शंकरपाळ्याच्या आकाराची, तर हैदराबादची चांदणीची. एकाच सालचे नाणे एका टांकसाळीत कमी व दुसरीत अधिक पाडले गेले असेल, तर कमी पाडलेल्याचे मोल वाढते. केवळ जुनेपणाने मात्र ते वाढत नाही. तांब्याची शिवराई महाराजांच्या पश्चातही दीर्घकाळ पाडली जात होती. म्हणून ती आजही पुष्कळ आढळते. महाराजांचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मिळ आहे. वर सांगितलेली एक व दोन रुपयांची नाणीही चलनासाठी मोठ्या संख्येने पाडलेली होती. अशा साध्या नाण्याला लाखो रुपये मिळवून देतो, असे सांगून कोणी आधी पैसे मागू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. तांब्याची भांडी आपण चिंचेने किंवा राखेने घासतो. नाणे मात्र तसे कधीही घासू नये. घासल्याने मळाबरोबर नाण्याचा वरचा थर जातो, बारीक ओरखडे उमटतात आणि जाणत्या संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल घटते. गेलेली झळाळी पुन्हा आणता येत नाही. म्हणून नाणे कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे व त्यावर साल, टांकसाळ आणि ते कोठे मिळाले याची नोंद करावी.