हजेरी कोणाची तपासायची?

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळच्या कळवा येथील महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले होते, पण ते तोवर विस्मरणात गेले होते. नांदेडच्या घटनेनंतर हिंगोलीचे तत्कालीन खासदार रुग्णालयात पोहोचले, शौचालयाची घाण पाहून संतापले आणि त्यांनी थेट अधिष्ठात्यांकडूनच शौचालय साफ करून घेतले. कॅमेरे हजर होतेच. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला आणि एका शोकाकुल कुटुंबाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही.

मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा चर्चा वेगळ्याच गोष्टींकडे वळली. मंजूर पदे किती, त्यांतली रिकामी किती, औषध खरेदी कोणामुळे अडली, खरेदीसाठी नेमलेल्या प्राधिकरणाला पूर्णवेळ अधिकारी का नाही? हे प्रश्न ब्रश हातात देऊन सुटणारे नव्हते. तरीही बहुतेकांच्या लक्षात राहिले ते शौचालयाचे दृश्य. आपल्याकडे शासनाला जाब विचारणे म्हणजे समोर सापडेल त्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावणे, अशी एक समजूत रुजली आहे. शाळेतही तेच चालते. साहेब अचानक भेट देतात, गुरुजी गैरहजर सापडतात, नोटीस निघते, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि पुढच्या महिन्यात सारे पूर्ववत होते.

गैरहजेरी खोटी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. २००३ साली जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी देशभरातील सरकारी शाळा आणि आरोग्य केंद्रांना न कळवता भेटी दिल्या. सुमारे २५ टक्के शिक्षक आणि ४० टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. महाराष्ट्रातील शिक्षकांची गैरहजेरी सुमारे १५ टक्के, म्हणजे पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी होती. झारखंडात ती ४० टक्क्यांच्या वर होती. त्याच पाहणीतली एक गोष्ट मला या टक्क्यांपेक्षा बोलकी वाटते. जवळपास तीन हजार सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा वारंवार गैरहजर राहिल्याबद्दल शिक्षकाला नोकरीवरून काढल्याचे फक्त एका शाळेत सांगितले गेले. नियम होते, शिक्षा लिहिलेली होती, पण ती देणारा हातच कुठे नव्हता.

हा हात कसा तयार करायचा, याची पडताळणी राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात दोनदा झाली. दोन्ही वेळा सेवा मंदिर ही तिथली जुनी स्वयंसेवी संस्था पुढे होती आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ निकाल मोजत होते.

पहिला प्रयोग २००३ मध्ये सुरू झाला, संस्थेच्या स्वतःच्या एकशिक्षकी शाळांत. निम्म्या शाळांतल्या शिक्षकांना तारीख-वेळ उमटवणारा कॅमेरा दिला. शाळा भरताना आणि सुटताना एखाद्या विद्यार्थ्याने गुरुजींचा व मुलांचा फोटो काढायचा. दोन फोटोंमध्ये किमान पाच तासांचे अंतर हवे आणि फोटोत पुरेशी मुले हवीत, तरच दिवस धरला जाई. पगार या दिवसांवर ठरे. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली आणि मुलांचे शिकणेही सुधारले. संस्थेने वचन दिले होते आणि ते महिन्यामागून महिने पाळले, एवढीच त्यामागची किमया.

दुसरा प्रयोग २००६ मध्ये त्याच जिल्ह्यात झाला, पण या वेळी सरकारी उपकेंद्रांतल्या नर्सबाईंसाठी. ठरलेल्या दिवशी त्यांनी दिवसातून तीनदा यंत्रावर वेळेचा शिक्का मारायचा. निम्म्याहून जास्त दिवस गैरहजर राहिल्यास आरोग्य विभाग पगार कापणार, पुन्हा तसेच झाले तर निलंबन. पहिल्या काही महिन्यांत फरक ठळक दिसला. जिथे देखरेख होती तिथली हजेरी, जिथे नव्हती तिच्या जवळपास दुप्पट झाली. पण सोळा महिन्यांनी दोन्हींत काहीच फरक उरला नाही. मधल्या काळात नोंदींत ‘सूट दिलेला दिवस’ हा शेरा वाढत गेला होता. आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा आणखी काही. ही सूट नर्सबाई स्वतः घेऊ शकत नव्हत्या. ती वरून मंजूर होत होती. गैरहजेरी कमी झाली नाही, तिला फक्त रजेचा पोशाख मिळाला.

तोच जिल्हा, तीच संस्था, तीच युक्ती. एका ठिकाणी पगार ठरवणारा आपल्या शब्दाला बांधलेला होता, दुसऱ्या ठिकाणी साहेबाने सही करून सारे निष्प्रभ केले, आणि त्या साहेबाची हजेरी कोणीच घेत नव्हते.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत प्रश्न लावून धरला, की शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, मात्र घरभाडे घेतात. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. त्याच सुमारास ‘आपले गुरुजी’ मोहिमेखाली वर्गात शिक्षकांचे फोटो लावण्याचे आदेश निघाले, म्हणजे खऱ्या गुरुजींच्या जागी भाड्याचा माणूस उभा राहिला तर तो ओळखू यावा. शिक्षकांना हा अपमान वाटला. माझ्या मते दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे सत्य होते. भाड्याने माणूस ठेवणारे आहेतच. पण ज्या गावात राहण्याजोगे घर नाही तिथे मुख्यालयाचा आग्रह कागदावरच राहतो, हेही तितकेच खरे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाने नियमित व वेळेवर येणे बंधनकारक आहे आणि तसे न केल्यास शिस्तभंगाची कारवाई होते. त्याच कायद्याचे कलम २७ म्हणते, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अन्य कामाला जुंपू नये. पहिल्या कलमावर नोटिसा निघतात. दुसरे मोडल्याबद्दल एखाद्या अधिकाऱ्याला नोटीस गेल्याचे ऐकिवात येत नाही. ‘सूट दिलेला दिवस’ आपल्याकडेही आहे, फक्त त्याचे नाव वेगळे.

वाचक बंधू-भगिनींनो, हा विषय परक्या घरचा नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले, की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम ३ ते ४ टक्के आहेत. बाकीची बहुसंख्य मुले सरकारी किंवा अनुदानित शाळांत जातात. मोहल्ल्यातल्या बाळंतिणीही बहुधा सरकारी दवाखान्यातच जातात. तिथली खुर्ची रिकामी राहिली तर तिची झळ आपल्याच घराला बसते. आणि आपण काय करतो? मुलाला उस्तादांच्या हवाली करताना आपल्याकडे जुने बुजुर्ग म्हणत, हड्डी हमारी, चमडी आपकी. त्यामागे उस्तादांविषयी आदर होता, पण आता ते वाक्य सोडून दिलेले बरे. कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे हा शिस्तभंग आहे. मुलगा घरी आल्यावर गालावरचे वळ पाहून गप्प बसणारा बाप, गुरुजी आठवडाभर आले नाहीत तेव्हाही गप्पच बसतो. दोन्ही गप्पांचे मूळ एकच.

एक अडचण आपल्या घरातलीही आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा निकाल दिला. संस्था चालवण्याचा हक्क मौल्यवान आहे आणि तो राखायलाच हवा. पण त्यामुळे आपल्या अंजुमनच्या शाळेत पालकांना कायद्याने मिळणारी समितीची खुर्ची राहिली नाही. तिथे गुरुजी उशिरा आले तर विचारणार कोण? संस्थाचालकच. आणि संस्थाचालकाचा भाचाच गुरुजी असेल तर? या प्रश्नावर आपल्या जलशांमधून फारसे बोलले जात नाही.

सरकारी शाळेत मात्र ती खुर्ची आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कितीतरी गावांत या महिलांच्या सह्या घरी वही पाठवून घेतल्या जातात. समितीची सभा झाली हे त्यांना पुढच्या सहीच्या वेळी कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही रुग्ण कल्याण समिती असते. पण आपल्या भागाच्या केंद्राच्या समितीत कोण आहे, हे मोहल्ल्यात विचारून पाहावे.

हे बदलू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकांनीच आरोग्य सेवेवर देखरेख ठेवण्याचे काम सुरू झाले. गावच्या समितीने केंद्राच्या एकेका सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचे अधिकारी आणि गावकरी समोरासमोर. बाहेरची औषधे लिहून देणे, मोफत सेवेचे पैसे घेणे अशा तक्रारी तिथे नावानिशी निघाल्या. आणि तिथेच डॉक्टरांनाही सर्वांदेखत सांगता आले, की औषध वरूनच आलेले नाही. तो प्रश्न मग तालुक्याला आणि जिल्ह्याला द्यावा लागला. ब्रश हाती देण्यापेक्षा हे संथ काम आहे, कॅमेरे येत नाहीत, पण उत्तर त्याच माणसाकडून मिळते ज्याच्या हाती ते असते.

एक सोपी गोष्ट बऱ्याच वाचकांना ठाऊक नसेल. नोव्हेंबर २०१८ मधील शासन निर्णयानुसार जिल्हा स्तरावरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जिल्हा परिषदेत जाऊन नुसता नर्सबाईंचा किंवा गुरुजींचा हजेरीपट मागू नये. सोबत रिक्त पदांचा तक्ता, औषधसाठ्याची नोंद आणि शिक्षकांना अन्य कामांवर पाठवल्याचे आदेश मागावेत, आणि त्या आदेशांखाली कोणाची सही आहे ते लिहून आणावे.