स्टेंट बसवला, पुढं काय?

ताईंनो, घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली की आपण म्हणतो, "ब्लॉकेज काढलं, आता काळजी नाही." पण स्टेंटनं एका जागची अरुंद झालेली नस उघडते, नसांमध्ये चरबी साठायचा आजार राहतोच. पुढं पुन्हा त्रास होईल का, याचा अंदाज डॉक्टर शुगर, बीपी, किडनी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूवरून बांधतात (मिशरीही तंबाखूच, बरं का!). टूडी इकोच्या रिपोर्टात 'ईएफ' असतो. हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो हा आकडा. ४० च्या खाली असला तर धोका जास्त. डिस्चार्ज कार्डासोबत हा रिपोर्टही जपून ठेवा.

एक धोका मात्र कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि बहुतेकदा क्लोपिडोग्रेल, "आता बरं वाटतंय" किंवा "पैसे नाहीत" म्हणून बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी अडकू शकते. दोन्ही गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर लागतात. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. गोळ्यांसाठी गटातून अंतर्गत कर्ज मागायला लाजायचं काय त्यात?

आणि छातीत दाबल्यासारखं झालं, दम लागला, जबडा-पाठ दुखून घाम फुटला, तर "पित्त असेल" म्हणत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.