होकायंत्रापासून रोहित्रापर्यंत
चुंबकत्व आणि वीज यांचे परस्परसंबंध

विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी व घरातील पंखा ही साधने विजेवर चालतात, हे आज लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु या यंत्रांचा आस प्रत्यक्षात फिरतो तो विजेने निर्माण केलेल्या चुंबकत्वाच्या बळावर, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. वीज आणि चुंबकत्व यांचे हे नाते समजावून घेतल्यास ज्ञानात भर तर पडतेच, शिवाय शेतकऱ्याची मोटार जळण्यापासूनही वाचू शकते.

लोहचुंबकास उत्तर व दक्षिण असे दोन ध्रुव असतात. सजातीय ध्रुव एकमेकांस दूर लोटतात, तर विजातीय ध्रुव जवळ ओढतात. चुंबकाचे दोन तुकडे केले तरी एकेक ध्रुव वेगळा होत नाही. प्रत्येक तुकडा दोन ध्रुवांचा स्वतंत्र चुंबक बनतो. आपली पृथ्वीदेखील एक विशाल चुंबक आहे आणि म्हणूनच टांगलेली चुंबकसूची दक्षिणोत्तर स्थिरावते. मात्र ती नेमकी भौगोलिक उत्तर दाखवीत नाही, थोडी कलते. लिस्बनहून गोव्याकडे येताना १५३८ साली जुवांव द काश्त्रो या दर्यावर्दीने सूचीच्या या कलाची ठिकठिकाणी मोजणी केली होती. पुढे तोच पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला.

वीज व चुंबकत्व या दोन सर्वस्वी भिन्न शक्ती होत, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला १८२० साली धक्का बसला. कोपनहेगन येथील प्राध्यापक ओर्स्टेड यांना असे दिसून आले की, तारेतून विद्युत्प्रवाह सुरू करताच जवळची चुंबकसूची आपली जागा सोडून वळते. प्रवाहाची दिशा उलटी केली की सूचीही उलट बाजूस वळते. यावरून प्रवाह वाहणाऱ्या प्रत्येक तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते, हे सिद्ध झाले.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. लोखंडी खिळ्यावर वेष्टन असलेल्या बारीक तारेचे चाळीस-पन्नास वेढे द्यावेत व तारेची टोके बॅटरीच्या एका साध्या सेलला क्षणभर जोडावीत. खिळा टाचण्या उचलू लागेल. प्रवाह तोडताच बहुतेक टाचण्या गळून पडतील. हाच विद्युत्चुंबक. तार व सेल लवकर तापतात, म्हणून जोडणी फार वेळ ठेवू नये. घरातील विजेच्या जोडणीवर हा प्रयोग कदापि करू नये.

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दिले. लोहाराच्या पोटी जन्मलेल्या व पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या संशोधकास असे आढळले की, तारेच्या वेटोळ्यात चुंबक नुसता ठेवल्याने काहीच घडत नाही. परंतु तो आतबाहेर हालविला की तारेत प्रवाह उत्पन्न होतो. चुंबकत्वातील बदल हेच येथे मर्म होय. जलविद्युत् केंद्रात पाण्याच्या जोरावर आणि औष्णिक केंद्रात वाफेच्या जोरावर फिरणारी महाकाय जनित्रे याच तत्त्वावर वीज निर्माण करतात.

हे नाते किती सूक्ष्म आहे, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रात अलिबाग येथे आढळते. पृथ्वीच्या चुंबकत्वातील बारीकसारीक फेरफार टिपण्याचे कार्य मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चालू होते. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्राम सुरू करण्याचे ठरले. ट्रामच्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या नाजूक उपकरणांत ढवळाढवळ करणार आणि अनेक दशकांची नोंद निरुपयोगी ठरणार, हे उघड होते. म्हणून अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामासाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड निवडण्यात आला. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या-नव्या मोजमापांचा मेळ घालण्यात आला. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागच्या नोंदींत मात्र खंड पडला नाही.

आता आपल्या गावच्या रोहित्राकडे, म्हणजेच ट्रान्स्फॉर्मरकडे वळू. गोव्यास लागणारी बहुतांश वीज राज्याबाहेरून उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून येते. गावच्या रोहित्रात हा दाब ११,००० व्होल्टवरून घरगुती वापरास योग्य अशा पातळीवर उतरविला जातो. आश्चर्य असे की, रोहित्रातील दोन वेटोळी तारेने परस्परांस जोडलेली नसतात. पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह सेकंदास शंभर वेळा दिशा बदलतो, त्यामुळे लोखंडी गाभ्यातील चुंबकत्व सतत बदलत राहते आणि त्या बदलातून दुसऱ्या वेटोळ्यात वीज उपजते. रोहित्राची ऐकू येणारी गुणगुण मुख्यत्वे या गाभ्याच्या सूक्ष्म कंपनाची असते.

पंपाच्या तीन फेजच्या मोटारीत ओर्स्टेड व फॅरडे या दोघांचेही शोध एकत्र नांदतात. स्थिर वेटोळ्यांतील प्रवाह फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. ते क्षेत्र आतील भागात प्रवाह उपजविते व त्यास आपल्यामागे ओढून नेते. वीजदाब घटला की हे क्षेत्र दुबळे होते, भार मात्र तोच राहतो. तो ओढण्यासाठी मोटार अधिक प्रवाह घेते. प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते आणि तारांवरील वेष्टन जळू लागते. तीनपैकी एक फेज खंडित झाल्यास धोका याहूनही मोठा असतो. सुरू करताना मोटार नुसती घुमते आणि फिरत नाही, असे दिसल्यास ती तत्काळ बंद करावी.

स्टार्टरमधील रिले अशा वेळी पुरवठा तोडण्यासाठीच बसविलेला असतो. तो वरचेवर मोटार बंद पाडतो म्हणून बांधून ठेवणे वा काढून टाकणे, किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे, म्हणजे राखणदारालाच घरातून हाकलून देण्यासारखे आहे. शेतकरी बांधवांनी रिले आपल्या मोटारीच्या क्षमतेनुसार जाणकाराकडून लावून घ्यावा व तो चालू स्थितीत असल्याची हंगामापूर्वी खात्री करून घ्यावी.