वापरणारे अनेक, राखणारे थोडे

कार्यालयात टेबलाशी बसलेल्या कारकुनाला पडद्यावर जे दिसते, ते त्याच्या समोरच्याच यंत्रात घडत असते असे नाही. प्रवेशअर्जांची यादी, वेतनाचे तक्ते, हिशेबाच्या वह्या हे सारे कित्येकदा दूरच्या एखाद्या सर्व्हरवर असते. इकडून कळफलकाच्या आणि माऊसच्या खुणा तिकडे जातात, तिकडून पडद्याचे चित्र इकडे येते. या देवाणघेवाणीत आपल्या बाजूचे काम जे सॉफ्टवेअर करते, त्याला क्लायंट म्हणतात.

असा एक क्लायंट कोणालाही विनामूल्य मिळतो. त्याचे नाव फ्रीआरडीपी. त्याचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा, इतरांना द्यावा, अशी त्याच्या परवान्यातच मुभा आहे. हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा, असे मानण्याचे मात्र कारण नाही. जे सर्वांचे आहे त्याची निगा कोणी राखायची, हा अर्थशास्त्रातील जुना आणि अवघड प्रश्न त्यात दडलेला आहे.

बांधलेले गिऱ्हाईक

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती बाजारात आणली. दूरच्या यंत्राशी बोलण्याची तिची जी संकेतावली, तिलाच पुढे आरडीपी हे नाव रूढ झाले. सर्व्हर विंडोजचा घेतला की प्रत्येक टेबलावरही विंडोजच हवे, अशी ही स्थिती. ग्राहक एकदा आत आला की त्याला बाहेर पडणे महाग पडावे, हे मक्तेदारीचे ओळखीचे लक्षण आहे.

मॅथ्यू चॅपमन यांनी लिहिलेल्या आरडेस्कटॉप या क्लायंटने ही गाठ सैल केली. लिनक्सवर चालणाऱ्या साध्या, जुन्या संगणकावरूनही विंडोजचा सर्व्हर वापरता येऊ लागला. सर्व्हरचा परवाना अर्थातच चुकला नाही. पण टेबलावर कोणते यंत्र ठेवायचे, याची निवड ग्राहकाच्या हाती आली. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या अनेक संकेतावल्यांची हजारो पानांची कागदपत्रे खुली केल्यावर हे काम आणखी सुकर झाले. २००९ मध्ये आरडेस्कटॉपच्याच कोडमधून फ्रीआरडीपीची वेगळी शाखा फुटली. आज रेमिनासारखी सॉफ्टवेअर तिच्यावर उभी आहेत. इतकेच काय, विंडोजवर लिनक्सची चित्रमय सॉफ्टवेअर चालविण्यासाठी खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये जी व्यवस्था दिली, तिच्यातही फ्रीआरडीपीचाच कोड आहे. ज्या संकेतावलीचे कुलूप उघडण्यासाठी हा खटाटोप झाला, तिच्या निर्मात्यालाच त्याचा उपयोग व्हावा, याला नियतीचा विनोद म्हणावा की सहकाराचा विजय?

निगेचा प्रश्न

येथवरची कथा सुखद आहे. पुढची तितकी नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अशा क्लायंटांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांना एकूण २५ दोष आढळले आणि त्यांतील बहुसंख्य आरडेस्कटॉपमध्ये होते. सर्व्हरच जर दुष्टाच्या हाती असेल, तर त्याला जोडणाऱ्या संगणकावर उलट हल्ला करता येईल, अशा स्वरूपाचे हे दोष. ते दुरुस्त झाले. पण त्याच वर्षी १.९.० ही आवृत्ती निघाल्यानंतर आरडेस्कटॉपला नवा सांभाळणारा हवा आहे, असे जाहीर करावे लागले. अनेकांच्या उपयोगी पडलेली वस्तू अशी पोरकी झाली.

फुकटच्या वस्तूची हीच गत, असे यावर कोणी म्हणेल. तो निष्कर्ष घाईचा ठरेल. त्याच तपासणीत मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या क्लायंटमध्येही दोष सापडला होता. प्रथम कंपनीने तो दुरुस्तीच्या निकषात बसत नाही असे कळविले आणि पुढे जुलै २०१९ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली. म्हणजे दोष दोन्हीकडे असतात. बंद सॉफ्टवेअरमध्ये ते केव्हा दुरुस्त करायचे हे विक्रेता ठरवितो. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ते कोणालाही दुरुस्त करता येतात. पण जे कोणालाही करता येते, ते पुष्कळदा कोणीच करीत नाही!

अर्थशास्त्रात यालाच फुकट्या लाभार्थ्याचा प्रश्न म्हणतात. खानदेशातील फड पद्धतीने आपल्या परीने त्याला उत्तर दिले होते. पांझरेच्या बंधाऱ्यांचे पाणी घेणारे शेतकरी पाटाची साफसफाईही मिळून करीत. तेथे निगा चुकली की पीक वाळे आणि चूक सर्वांच्या डोळ्यांत भरे. सॉफ्टवेअरचे तसे नाही. एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे ते कमी होत नाही. म्हणूनच ते झिजते आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. संगणक बदलतात, संकेतावल्या बदलतात, नवे हल्ले येतात. कोड मात्र जागच्या जागी जुना होत जातो.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये ई-प्रशासनात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. धोरण स्वागतार्ह आहे. परंतु प्राधान्य म्हणजे केवळ परवान्याचे पैसे वाचविणे, असा अर्थ घेतला गेला तर आपणही फुकट्यांच्याच रांगेत बसू. वाचलेल्या रकमेचा एक लहानसा वाटा देखभालीसाठी अंदाजपत्रकात वेगळा काढणे शासनाला आणि विद्यापीठांना अवघड नाही. पैसाच हवा असेही नाही. दोष आढळला की तो नीट नोंदविणे, नवी आवृत्ती वापरून पाहणे, सूचना मराठीत आणणे ही कामे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येतील. दरवर्षी तेच ते ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर नव्याने लिहून कपाटात ठेवण्यापेक्षा त्यात त्यांचे शिक्षणही अधिक होईल.

फुकट मिळालेल्या वस्तूला किंमत नसते, अशी आपली एक समजूत आहे. किंमत असतेच, ती दुसरा कोणीतरी भरीत असतो, एवढेच. तो दुसरा थकण्यापूर्वी आपला वाटा उचलणे, यात उपकार कसला? तो साधा हिशेब आहे.