धबधब्यांच्या मुलखातील मुक्काम

मृगाचा पाऊस घाटमाथ्यावर स्थिरावला आणि आर्द्रा नक्षत्राने जोर धरला, की कोल्हापुरातील शाहूपुरीच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात दर शनिवारी एक निराळीच लगबग सुरू होते. पाठीवर बोजे घेतलेली तरुण मंडळी राधानगरी, गगनबावडा, आंबोली या बाजूच्या गाड्यांची चौकशी करू लागतात, मोटारींच्या टपांवर तंबूंच्या वळकट्या चढतात, आणि अलीकडे शेजघर व स्वयंपाकघर पोटात घेऊन चालणारी एखादी कॅरव्हॅनही त्या रस्त्यावर दृष्टीस पडते. शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये व्यापारवृद्धीच्या हेतूने वसविलेली आणि गुळाच्या उलाढालीने नावारूपास आलेली ही पेठ आज सह्याद्रीच्या वाटेवरील प्रवाशांचेही प्रस्थानस्थान झाली आहे. डोंगरात जाऊन तेथेच एखादी रात्र काढावी, पहाटेचे अरण्य पाहावे, ही हौस मला मनापासून स्वागतार्ह वाटते. परंतु ती कोठे, कशी आणि कोणाच्या बंदोबस्ताखाली पुरी करावी, याचा विचार आपल्याकडे अद्याप अपुराच राहिला असल्यामुळे हा लेखनप्रपंच करीत आहे.

प्रथम हा मुलूख कसा आहे ते पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून सह्याद्रीचा कृष्णपाषाण सिद्ध झाला. या थरांपैकी काही अतिशय कठीण, तर काही तुलनेने ठिसूळ असल्यामुळे पाण्याने ठिसूळ भाग झिजविला आणि कठीण कडे मागे उभे राहिले. त्या कड्यांवरून ओढे कोसळू लागले, तेच आपले धबधबे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपला जलभार घाटमाथ्यावरच रिता करतात. म्हणून कोल्हापूर शहरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडत असताना आंबोलीस तो सुमारे सात हजार मिलिमीटरांपर्यंत जातो. राधानगरीजवळील राऊतवाडी, शाहूवाडी तालुक्यातील बर्की, आंबोली घाटातील रस्त्यालगतचा मोठा धबधबा आणि तेथून जवळच असलेला नांगरतासचा चिंचोळा कडा ही या एकाच निसर्गव्यवस्थेची निरनिराळी दर्शने होत.

या प्रदेशाच्या मध्यभागी राधानगरीचे अभयारण्य पसरले आहे. दाजीपूरचे हे रान मुळात कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे जंगल. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि महाराष्ट्रातील पहिल्या अभयारण्याचा मान त्यास मिळाला. पुढे १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरांवर गेले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास, कोयना व चांदोली यांच्या बरोबरीने राधानगरीचाही समावेश झाला. अभयारण्याच्या कुशीत दोन मोठे जलाशय आहेत : एक भोगावतीवरील, शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आरंभिलेला आणि आपोआप उघडणाऱ्या सात दरवाजांमुळे ख्यातकीर्त झालेला राधानगरीचा लक्ष्मी तलाव, दुसरा दूधगंगेवरील काळम्मावाडीचा. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, शेकरू यांचे हे वसतिस्थान असल्यामुळे येथे मुक्कामास जाणारा मनुष्य हा पाहुणा आहे, आणि पाहुण्याने घरधन्याची मर्यादा सांभाळणे हा आपल्या संस्कृतीतील जुना दंडक आहे.

रानात डेरा टाकून राहण्याची रीत परदेशांतून आपल्याकडे आली, असा अनेकांचा समज दिसतो. परंतु मराठ्यांचे सारे राज्यच एके काळी राहुट्यांत आणि छावण्यांत नांदलेले होते, आणि त्या छावण्यांचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात चिपळूणच्या परिसरात पावसाळ्यासाठी राहिलेल्या आपल्या लष्करास शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आरंभीच उधळून टाकाल तर पुढे रयतेच्या घरी शिरण्याची पाळी येईल. लाकूड, भाजी, गवत जे लागेल ते मोल देऊन घ्यावे. भलत्या जागी चुली पेटवू नयेत, विस्तव व दिवे बेफिकिरीने ठेवू नयेत, उंदराने पेटती वात ओढून नेली तरी गवताच्या गंजीस आग लागून सारी छावणी भस्म होईल, अशा आशयाच्या सूचना त्यात आहेत. त्यानंतर सुमारे चार दशकांनी कोल्हापूरच्या दरबारी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात गडावर वाटेत, बाजारात वा तटावर केरकचरा पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली लोटू नये, असे बजावले आहे. आणि आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती बळाने तोडू नयेत, हेही तेथेच सांगितले आहे. या अमात्यांच्या घराण्याची जहागीर गगनबावड्याची, म्हणजे ज्या डोंगरांत आज आपण तंबू ठोकतो त्याच मुलखातील. विस्तव, केर, झाड आणि गावकरी या चार गोष्टींविषयी आपल्या पूर्वजांनी जी दक्षता घेतली, तीच मुक्कामशास्त्राची चतुःसूत्री म्हणावी लागेल.

पश्चिमेकडील राष्ट्रांत या शास्त्राचा नागरी विस्तार झाला, त्याचे वर्षही लक्षात ठेवण्याजोगे आहे. नायगाऱ्याच्या धबधब्याभोवतालची जमीन खासगी मालकांच्या व गिरणीवाल्यांच्या ताब्यात गेली होती, कुंपणातून डोकावून तो जलप्रपात पाहण्यासाठीसुद्धा पैसे मोजावे लागत होते. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड प्रभृती विचारवंतांनी चळवळ केली, न्यूयॉर्क राज्याने ती जमीन संपादन केली आणि १८८५ मध्ये ती सर्वांस विनामूल्य खुली झाली. त्याच वर्षी इंग्लंडात डॉ. गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील माजी शल्यवैद्याने केवळ भ्रमंतीच्या आनंदासाठी ‘वॉन्डरर’ नावाची दोन घोड्यांची लाकडी निवासगाडी बांधवून घेतली. राज्याने राखलेले उद्यान आणि चाकांवरचे घर या दोन कल्पना पुढे एकत्र आल्या. १९३३ ते १९४२ या मंदीच्या व युद्धारंभीच्या काळात अमेरिकेतील बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनी शेकडो राज्य-उद्यानांत वाटा, पूल व मुक्कामतळ बांधले. जॉर्जिया राज्यातील ७२९ फूट उंचीच्या अमिकलोला धबधब्याचे उद्यान हे या परंपरेचे एक नमुनेदार उदाहरण. तेथे तंबू, मोटारघरे व लाकडी कुट्या यांसाठी निरनिराळ्या जागा नेमलेल्या आहेत.

अशा तळाची रचना कशी असते, हे येथे सांगणे उपयुक्त ठरेल. मोटारघरे दोन प्रकारची : एक स्वतःच्या इंजिनाने चालणारे, दुसरे मोटारीमागे जोडून ओढले जाणारे. दोहोंत सामान्यतः तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची, दुसरी न्हाणीच्या व भांडी धुण्याच्या सांडपाण्याची, तिसरी शौचालयाच्या मैल्याची. उद्यानात प्रत्येक गाडीस सपाट, पक्की केलेली, क्रमांक दिलेली जागा मिळते. शेजारी विजेची व नळाची जोडणी असते, आणि परत निघताना दोन्ही मलिन टाक्या ज्या एका ठिकाणी रिकाम्या कराव्या लागतात ते मलनिस्सारण केंद्र हा तळाचा सर्वांत महत्त्वाचा अवयव होय. जागा आगाऊ राखून ठेवावी लागते; शेकोटी केवळ लोखंडी कड्याच्या आत पेटवायची; दूरवरून सरपण आणायचे नाही, कारण त्यातून झाडांस मारक असे कीटक पसरतात; रात्री दहानंतर आवाज बंद. नियमांची ही यादी जाचक वाटली तरी तिच्यामुळेच शेकडो अनोळखी कुटुंबे एकाच रानात शेजारी शेजारी सुखाने निजू शकतात.

भारतात केंद्र सरकारने २००९ मध्ये कॅरव्हॅन व कॅरव्हॅन-तळ यांविषयी धोरण आखले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्वतःचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. त्याच वर्षी केरळनेही तसाच उपक्रम हाती घेतला. त्याआधी, २०२० मध्ये, महाराष्ट्राचे कृषिपर्यटन धोरणही आले होते. कायमचे बांधकाम जेथे उचित नाही, तेथे चाकांवरील निवास हा सौम्य पर्याय ठरावा, ही त्यामागील भूमिका युक्तच आहे. परंतु गाडीस परवाना मिळाला म्हणजे मुक्कामाची सोय झाली, असे होत नाही. फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली या घाटांतील वळणे, आषाढातील दाट धुके आणि कोसळणाऱ्या दरडी ध्यानात घेता, लांब-रुंद मोटारघराने घाट उतरण्याचा हव्यास न धरता माथ्यावरील सपाटीवरच थांबावे, आणि तेथून पुढे पायी किंवा गावातील लहान वाहनाने जावे, हेच शहाणपणाचे होय. अरण्याच्या अंतर्भागात तर अशा गाडीस स्थानच नसावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, अभयारण्यातील प्रवेश व वास्तव्य परवानगीच्या अधीन ठेवतो, आणि तो हेतू सर्वथा योग्य आहे.

आता सामान्य वाचकाच्या उपयोगाचे दोन शब्द. धबधबे भरात असतात आषाढ-श्रावणात. तंबूस सोयीचे दिवस मात्र दसऱ्यापासून वैशाखापर्यंतचे. पावसाळ्यात अभयारण्याचा अंतर्भाग प्रवाशांस बंद असतो आणि मुसळधार पावसात कापडी तंबूचा निभावही लागत नाही. म्हणून ज्यास वाहते पाणी आणि कोरडी रात्र ही दोन्ही हवी असतील, त्याने भाद्रपदाची अखेर व आश्विन हा संधिकाल निवडावा. तंबू ठोकताना नाल्याचे कोरडे पात्र, दरडीचा पायथा आणि वाळलेल्या झाडाची छाया ही तीन स्थाने कटाक्षाने टाळावीत, उताराची दिशा पाहून किंचित उंचवटा शोधावा, आणि पाण्यापासून निदान ६० मीटर अंतर राखावे. पाऊस असेल तर पायांवर जळवा चढणारच. मिठाची पुरचुंडी जवळ असली म्हणजे झाले.

धबधब्याविषयी मात्र अधिक गांभीर्याने बोलले पाहिजे. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या पठारावर ढग फुटलेला असू शकतो. घाटमाथ्यावरील ओढ्यांचे पाणलोट लहान व तीव्र उताराचे असल्यामुळे तेथील पाणी अल्पावकाशात खाली लोटते आणि घोट्याएवढा प्रवाह काही मिनिटांत कमरेस लागतो. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या अंगास एकाच कुटुंबातील पाच जण अशाच अचानक वाढलेल्या लोंढ्यात वाहून गेले, ती हानी कोणत्याही सूचनाफलकापेक्षा अधिक स्पष्ट बोलते. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, पानेकाटक्या वाहून येऊ लागल्या, किंवा प्रवाहाचा नाद पालटला, तर क्षणाचाही विलंब न लावता काठावर यावे. कड्याच्या माथ्यावरील शेवाळलेल्या कातळावर जाऊच नये. जिल्हा प्रशासन काही ठिकाणी मनाई हुकूम काढते, तेव्हा तो आनंदावरील घाला न मानता जीविताची काळजी मानावी.

वन्य प्राण्यांबाबतही हेच धोरण हवे. गवा स्वभावतः शांत असला तरी पूर्ण वाढलेला नर वजनाने हजार किलोंच्या घरात जातो. त्याच्या वाटेत उभे राहून छायाचित्र काढणे हे अविचाराचे कृत्य होय. अन्न तंबूत ठेवू नये, खरकटे उघड्यावर टाकू नये. वैशाखाच्या अखेरीस राधानगरीच्या रानात काजव्यांचा जो प्रकाशोत्सव चालतो, त्यात नर-मादी परस्परांस प्रकाशानेच संकेत देत असतात. विजेऱ्यांचे व मोटारींचे झोत त्या संभाषणात व्यत्यय आणतात, म्हणून त्या दिवसांत दिवे मालवून बसणे हाच खरा रसिकपणा.

आणि अखेरीस पाण्याचा प्रश्न, जो शाहूपुरीच्या रहिवाशास सर्वांत निकटचा आहे. पंचगंगेस मिळणारी भोगावती याच डोंगरांत उगम पावते, आणि २०२३ च्या अखेरीपासून काळम्मावाडीच्या जलाशयातील पाणी पन्नासाहून अधिक किलोमीटरांच्या नळवाटेने थेट कोल्हापुरास येऊ लागले आहे. तेव्हा त्या पाणलोटात कोणी मोटारघराची मलिन टाकी उघडली, साबणाचे पाणी ओढ्यात सोडले वा प्लास्टिकचा ढीग मागे ठेवला, तर ती घाण दूरच्या कोणा परक्या मुलखात पडत नाही. ती आपल्याच पिण्याच्या पाण्याच्या मुळाशी पडते. अरण्यरक्षण ही वनखात्याची एकट्याची बाब नसून नगरवासीयांचाही त्यात प्रत्यक्ष हितसंबंध आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

माझी तजवीज साधी आहे. अभयारण्याच्या सरहद्दीबाहेर, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांतील इच्छुक गावांनी गायरानास धक्का न लावता, पडीक खासगी जमिनीवर, मोजक्या जागांचे छोटे मुक्कामतळ उभारावेत; प्रत्येक तळावर शौचालय, मैला रिकामा करण्याची बंदिस्त टाकी, केर परत नेण्याचा नियम आणि रात्रीचा राखणदार असावा; जागा किती, ती संख्या रानाची धारणशक्ती पाहून ठरवावी आणि ती भरली की गाडी परत पाठवावी; भाडे, भाकरी, दूध, वाटाड्या यांचे उत्पन्न गावातच राहावे; आणि वनखात्याने व ग्रामपंचायतीने मिळून त्यावर देखरेख ठेवावी. गायरान राखण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण डोंगरातील धनगरवाड्यांची गुरे त्यावर जगतात, आणि पाहुण्याच्या सोयीसाठी घरच्या माणसाचा घास जाता कामा नये. नायगाऱ्याच्या बाबतीत एका राज्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जे मान्य केले, की जलप्रपात ही कोणा एकाची मिळकत नाही, ते आपणही मान्य करावे. परंतु जे सर्वांचे, ते सर्वांनी सांभाळावयाचे, हा त्याच तत्त्वाचा दुसरा अर्ध आहे, आणि येत्या पावसाळ्यात शाहूपुरीहून तंबू घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाने तो अर्ध स्वतःच्या आचरणात आणला, तर शासनाकडे अशा तळांची मागणी करण्याचा आपला अधिकार अधिक बळकट होईल.